मांजर आडवं गेलं तरी

विज्ञानावर मराठीत लिहायचं म्हणजे आधी चेहरा सुतकी करावा लागतो, असा एक अलिखित नियम आहे. लेख 'मानव अनादिकालापासून' असा सुरू होतो आणि तिसऱ्या परिच्छेदाला वाचक अनंतात विलीन होतो. कुणी चुकून विनोद केलाच, तर 'विषयाचं गांभीर्य घालवलंत' म्हणून विद्वान मंडळी अंगावर येतात. मी पडलो कॉमर्सचा माणूस, व्याज सोडून दुसरं काही चक्रवाढ मला कळत नाही. पण या मंडळींशी मला भांडायचंच आहे.

1975 सालची गोष्ट घ्या. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्यानं शोधनिबंध लिहिला, पण लिहिताना सगळीकडे 'आम्ही, आम्ही'! सहकारी म्हणाला, लेखक एकच असेल तर मासिकवाले 'आम्ही' चालवून घेत नाहीत. आता सगळा निबंध पुन्हा टाइप करायचा? (आमच्याकडे एका खाडाखोडीला दोन सह्या लागतात, तेव्हा त्यांचं दुःख मला समजतं.) त्यांनी घरच्या चेस्टर नावाच्या सयामी बोक्याला 'एफ. डी. सी. विलर्ड' असं भारदस्त नाव दिलं आणि सहलेखक करून टाकलं. जॉइंट अकाउंटच म्हणा ना! 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'सारख्या कडक मासिकानं तो निबंध छापला. पुढे काही प्रतींवर सही म्हणून बोक्याच्या पंजाचा ठसाही उमटला. बँकेत अंगठा चालतो, मग पंजानं काय घोडं मारलंय? आणि निबंधातलं हेलियमचं गणित बोक्यापायी कुठं बिघडलं नाही.

बरं, असले शास्त्रज्ञ उथळ म्हणावेत, तर आंद्रे गाइम यांचं काय करायचं? त्यांनी 1997 साली जबरदस्त चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगत ठेवला. चुंबक पाण्याला किंचित दूर ढकलतो, आणि बेडूक म्हणजे बहुतांशी पाणीच. त्याबद्दल 2000 साली त्यांना 'इग नोबेल' हे थट्टेचं पारितोषिक मिळालं, आणि 2010 साली ग्राफिनसाठी अस्सल नोबेल! निवड समितीनं 'गांभीर्य' म्हणून हरकत घेतली नाही. ती हरकत फक्त आपल्याकडे.

माझी भाची दहावीला आहे. चुंबकाचा धडा तिला स्वल्पविरामासकट पाठ. शंका म्हणाल तर एक नाही. तिला बेडकाची हकिगत सांगितली. पोट धरून हसली, मग एकदम थांबली. "मामा, मग माणूसपण तरंगेल?"

तत्त्वतः तरंगेल, म्हटलं, चुंबक तेवढा मोठा हवा.

"केवढा?" म्हणत ती वही ओढून बसली.