एकेक पऱ्हा की जुडी?

मुलांनो, पाऊस जमला की आपल्या गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी सुरू होते. समजा, कुणी एकच पऱ्हा उचलला, बांधीत जाऊन लावला, परत आला, मग दुसरा उचलला, तर? दिवस मावळेल, पण बांधी भरणार नाही! लावायला लागतो क्षणभर. वेळ खातं ते जाणं-येणं. म्हणून तर जुड्या बांधून नेतात.

संगणकाच्या ‘पायथॉन’ भाषेतही असंच होतं. गिदो व्हान रॉसम यांनी ही भाषा १९९१ साली जगापुढे आणली. तिच्यात एखादं ठरावीक काम नाव देऊन लिहून ठेवता येतं. त्याला म्हणतात ‘फंक्शन’. समजा, आपलं फंक्शन आहे ‘निव्वळ वजन’. धानाच्या भरल्या पोत्याच्या वजनातून रिकाम्या बारदान्याचं वजन वजा करायचं, एवढंच त्याचं काम.

आता पोती आहेत १,००,०००. प्रत्येक पोत्यासाठी फंक्शनला हाक मारली, तर लाख हाका! दर हाकेला पायथॉन काय काय करतो बघा. नाव शोधतो, आकडे फंक्शनच्या हाती देतो, नवी जागा मांडतो, परत कुठे यायचं ते लक्षात ठेवतो आणि उत्तर घेऊन येतो. वजाबाकी इवलीशी, खटाटोप मोठा!

मग उपाय? जुडी बांधा! सगळ्या वजनांची यादी एकदाच फंक्शनला द्या आणि पोत्यामागून पोतं घेण्याची फेरी फंक्शनच्या आतच फिरवा. वजाबाक्या लाखच होतील, पण हाक एकच. आणि बेरीज हवी असेल, तर पायथॉनचं तयार ‘सम’ वापरा. त्याची फेरी आतल्या आत, वेगवान ‘सी’ भाषेत फिरते. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायथॉन ३.११ पासून हाकेचा खटाटोपही बराच हलका झाला आहे.

कुणी म्हणेल, ‘गुरुजी, मग फंक्शन हवंच कशाला? वजाबाकी जिथे लागेल तिथे लिहून टाकू!’ थांबा! उद्या बारदान्याचं वजन बदललं, तर? फंक्शन असेल तर दुरुस्ती एका जागी. तीच वजाबाकी पाच जागी लिहिली आणि एक जागा राहून गेली, तर एखाद्या शेतकऱ्याचा हिशेब चुकेल. घामाचे पैसे ते! दोन सेकंद वाचवून हिशेब चुकवणं काय कामाचं?

म्हणून आधी मोजा. पायथॉनमध्ये ‘टाइमइट’ नावाचं घड्याळच आहे. वेळ खरोखर हाकांमध्येच जातो असं दिसलं, तरच जुडी बांधा. शंभर पोत्यांसाठी एवढी धावपळ कशाला?

घरी संगणक नसला तरी करून पाहा. ३० चिंचोके अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. आधी एकेक, मग दहा-दहा. आईला किंवा बाबांना घड्याळ धरायला सांगा. चिंचोके तेवढेच, पण फेऱ्या किती? ३० आणि ३!