मागणी अफाट, मठ ओस

मालाला गिऱ्हाईक मिळेनासे झाले की धंदा बसतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. बेल्जियममधील ज्या बिअरसाठी जगभरचे दर्दी जीव टाकतात, तिच्यावर ओढवलेले संकट मात्र नेमके उलट्या दिशेने आले आहे. गिऱ्हाईक दारात उभे आहे, हवी ती किंमत मोजायला तयार आहे, वेळप्रसंगी विमानाचे तिकीट काढून येत आहे. कमी पडत आहेत ते ही बिअर ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते संन्यासी.

जानेवारी २०२३ मध्ये डच सीमेला लागून असलेला आखेलचा मठ त्याच्या ब्रुअरीसह एका खासगी उद्योजकाला विकला गेला आणि त्याच्या बिअरला 'ट्रॅपिस्ट' हे बिरुद लावण्याचा अधिकार संपला. त्याआधी दोन वर्षे, २०२१ च्या सुरुवातीस, बाटलीवरील षटकोनी अधिकृत चिन्ह गेलेच होते. कारण सरळ होते. मठात राहणारा एकही संन्यासी उरला नव्हता. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने तांब्यासाठी या मठाची ब्रुअरी मोडून नेली, त्यानंतर तब्बल आठ दशकांनी, १९९८ मध्ये, येथे पुन्हा बिअर बनू लागली होती. ती पंचवीस वर्षेही 'ट्रॅपिस्ट' राहू शकली नाही. बिअर आजही बनते. भट्टी तीच, इमारत तीच, नावही आखेलच. गेले ते एक विशेषण. पण या विशेषणासाठीच दर्दी मंडळी बाटलीमागे जास्तीचे पैसे मोजत असतात, त्यामुळे त्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे.

'ट्रॅपिस्ट' हा बिअरचा प्रकार नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यावे लागेल. कडक आचारसंहिता पाळणाऱ्या सिस्टर्शियन पंथाच्या मठांना हे नाव आहे. संत बेनेडिक्टच्या नियमानुसार या संन्याशांनी स्वतःच्या श्रमावर जगायचे असते. कुणी चीज बनवतो, कुणी पाव भाजतो, कुणी बिअर गाळतो. वेस्टमालेची गडद 'डुबेल' आणि सोनेरी 'ट्रिपेल', शिमेची निळी बाटली, रोशफोरची काळसर बिअर आणि ऑर्व्हालची वर्षागणिक चव बदलत जाणारी बिअर यांत साम्य फारसे नाही. साम्य आहे ते उगमात. १९९७ मध्ये आठ मठांनी मिळून आंतरराष्ट्रीय ट्रॅपिस्ट संघटना स्थापन केली आणि तीन कसोट्या घातल्या. उत्पादन मठाच्या आवारात किंवा त्याच्या लगत व्हावे. ते संन्याशांनी करावे अथवा त्यांच्या देखरेखीखाली व्हावे. उत्पन्नातून मठाचा आणि मठवासीयांचा खर्च भागल्यावर उरलेले पैसे धर्मादाय कामाला जावेत. चवीविषयी या कसोट्यांमध्ये अक्षरही नाही.

प्रत्यक्षात बहुतेक मठांच्या ब्रुअरीत आज पगारी कामगार राबतात आणि त्यात काही लपवाछपवीही नाही. ऑर्व्हालची ब्रुअरी १९३१ मध्ये सुरू झाली तीच मुळी फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत उद्ध्वस्त झालेल्या मठाच्या पुनर्बांधणीला पैसा हवा म्हणून, आणि तेव्हापासून तेथे बाहेरचे लोक कामाला आहेत. 'देखरेख' या शब्दावर सारा डोलारा उभा आहे, तो असा. देखरेखीसाठी का होईना, मठात माणसे हवीत, आणि पश्चिम युरोपात मठाची वाट धरणारे तरुण वर्षानुवर्षे कमी होत आहेत. २०२३ मध्ये ऑस्ट्रियातील एंगेलझेलचा मठ बंद करण्याचा निर्णय झाला, त्यामागेही हेच कारण होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या स्पेन्सर मठाने २०२२ मध्ये बिअर बंद केली, ती कथा मात्र वेगळी. तेथे संन्यासी होते, पण आर्थिक गणित जुळले नाही. म्हणजे चिन्ह मिळाले की धंदा आपोआप चालतो, असेही नाही. बेल्जियमपुरते बोलायचे तर सहा ट्रॅपिस्ट ब्रुअऱ्यांच्या आता पाच उरल्या आहेत.

या पाचांत दर्दींच्या लेखी पंढरी एकच, वेस्टव्लेटेरेन. फ्रान्सच्या सीमेजवळच्या हॉपच्या मळ्यांत सेंट सिक्स्टस मठ आहे. १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे बिअर बनते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील मठाधिपतींनी एक निर्णय घेतला. मठाच्या गरजेपुरतीच बिअर बनवायची, बाकी व्यापाराचा व्याप नको. बाहेर विकण्यासाठी मठाच्या नावाची बिअर बनवण्याचा परवाना १९४६ मध्ये जवळच्या वातू गावातील एका ब्रुअरीला देण्यात आला. तो १९९२ पर्यंत चालला. स्वतःच्या भट्टीत मठाने उत्पादन मर्यादितच ठेवले आणि संन्यासी स्वतः कामाला हात लावत राहिले. बाटलीवर वर्षानुवर्षे लेबलही नव्हते. सोनेरी-पिवळे बूच म्हणजे १०.२ टक्के मद्यार्काची 'बारा नंबर', निळे म्हणजे 'आठ नंबर', हिरवे म्हणजे फिकी 'ब्लाँड'. एवढ्या ओळखीवर सगळा कारभार चालत होता.

हा शांत कारभार २००५ मध्ये ढवळून निघाला. 'रेटबिअर' या संकेतस्थळावर जगभरचे हौशी लोक बिअरला गुण देत असत. त्यांच्या गुणांच्या बेरजेतून वेस्टव्लेटेरेनची बारा नंबर 'जगातील सर्वोत्तम बिअर' ठरली. वृत्तपत्रांनी बातमी उचलली, मठाच्या रस्त्यावर मोटारींच्या रांगा लागल्या, साठा संपला. कोणत्याही कारखान्याने अशा वेळी दुसरी भट्टी टाकली असती. मठाने नकार दिला. मठ चालवण्यासाठी बिअर आहे, बिअरसाठी मठ नाही, ही त्यांची भूमिका जुनीच होती. पुढे इमारतीच्या नूतनीकरणासाठी पैसा हवा झाला तेव्हा, २०११ मध्ये बेल्जियममध्ये आणि २०१२ मध्ये अमेरिकेसह काही देशांत, एकदाच दुकानांतून सहा बाटल्या आणि दोन पेल्यांची पेटी विकली गेली. त्या पेट्या हातोहात संपल्या. काम भागल्यावर मठाने पुन्हा दार लावून घेतले.

टंचाई आली की काळाबाजार येतो. दारात सुमारे दोन युरोला मिळणारी बाटली दलालांच्या हातून कितीतरी पटींनी महाग विकली जाऊ लागली. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील एका सुपरमार्केट साखळीने याच बाटल्या सुमारे दहा युरोला फळीवर मांडल्या, तेव्हा मौन प्रिय असलेल्या या मंडळींनी जाहीर नापसंती व्यक्त केली आणि दुकानदाराला माफी मागावी लागली. त्यापूर्वी मठाने दूरध्वनीवरून नोंदणीची पद्धत ठेवली होती. ग्राहकाने मोटारीचा क्रमांक नोंदवायचा, ठरलेल्या वेळी यायचे, मोजके क्रेट घेऊन जायचे, पुन्हा विकायचे नाही. हा दूरध्वनी लागणे म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत कोकणच्या गाडीचे आरक्षण मिळण्यासारखे होते. अखेर २०१९ मध्ये मठाने संकेतस्थळावरून विक्री सुरू केली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. ज्याला शेवटची बिअर घेऊन सर्वांत जास्त दिवस झाले, त्याला आधी संधी. 'जो आधी येईल त्याला' हा बाजाराचा नियम येथे चक्क उलटा केला आहे. दलालांना आळा घालण्याचा याहून साधा उपाय मोठमोठ्या कंपन्यांनाही सुचलेला दिसत नाही.

ज्या संकेतस्थळाने हा गदारोळ उठवला त्याचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. २००० मध्ये हौशी लोकांच्या बळावर सुरू झालेल्या रेटबिअरमध्ये जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने, म्हणजे बेल्जियममध्येच मुख्यालय असलेल्या एबी इनबेव्हने, आपल्या एका उपकंपनीमार्फत हिस्सा घेतला. ही बाब २०१७ मध्ये उघड झाली तेव्हा अनेक छोट्या ब्रुअऱ्या संतापल्या. गुण देणाऱ्याच्या गल्ल्यावर गुण घेणारा बसला, अशी त्यांची तक्रार होती. २०१९ मध्ये संपूर्ण मालकी गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संकेतस्थळ बंद झाले.

दर्दींना केवळ दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या वेडापायीच बेल्जियमच्या कित्येक बिअर आज जिवंत आहेत. मायकल जॅक्सन या ब्रिटिश लेखकाने (गायकाशी याचा संबंध फक्त नावापुरता) १९७७ च्या आपल्या ग्रंथातून आणि पुढे खास बेल्जियमवरील पुस्तकातून या बिअरकडे जगाचे लक्ष वेधले, तेव्हा त्यांतील अनेक प्रकार मायदेशातच मागे पडत चालले होते. ब्रसेल्सच्या आंडरलेख्त भागातील कांतियों ही १९०० मध्ये स्थापन झालेली ब्रुअरी याचे उत्तम उदाहरण. येथे यीस्ट बाहेरून घालत नाहीत. गव्हाचा आणि सातूच्या माल्टचा उकळलेला अर्क माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतील जंतू त्यात उतरतात आणि मग लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षे किण्वन चालते. तरुण आणि जुन्या पिंपांचे मिश्रण करून जी आंबट, कोरडी 'ग्यूझ' तयार होते, ती पहिल्या घोटाला बहुतेकांना आवडत नाही. गोड केलेल्या कारखानी ग्यूझने बाजार व्यापला असताना कांतियोंने ही आंबट चव सोडली नाही, आणि ती विकत घेणारे पुढे मुख्यतः परदेशी दर्दीच निघाले. मागणी इतकी वाढली की आता काही बाटल्या तेथेच बसून प्यायच्या अटीवर दिल्या जातात. तेथेही अडचण ग्राहकांची नाही. उघड्या हौदाला रात्रीचा गारवा लागतो, म्हणून ही बिअर फक्त थंडीच्या महिन्यांत बनते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये रात्री इतक्या उबदार राहिल्या की कांतियोंला काही काळ काम थांबवावे लागले. हवामानबदलाची झळ पिंपापर्यंत पोहोचली ती अशी.

मूळ ठिकाण, मूळ माणसे गेली तर बिअर तीच राहते का, हा आखेलने उभा केलेला प्रश्न बेल्जियमला नवा नाही. हूगार्डन गावाची गव्हाची पांढरी बिअर १९५७ मध्ये शेवटची ब्रुअरी बंद पडल्याने नामशेष झाली होती. पियेर सेलिस या गावातल्या दूधवाल्याने १९६६ च्या सुमारास धणे आणि संत्र्याची साल घालून ती पुन्हा बनवायला घेतली. १९८५ च्या आगीत ब्रुअरी जळाली, उभारणीसाठी मोठ्या कंपनीचा पैसा आला आणि काही वर्षांत मालकीही गेली. सेलिस टेक्सासला निघून गेले. २००५ मध्ये कंपनीने उत्पादन लीएजजवळच्या जुपीय येथील मोठ्या कारखान्यात हलवण्याचे जाहीर केले तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले. जुपीयला तशी चव जमत नाही, अशी चर्चाही रंगली. २००७ मध्ये कंपनीने निर्णय फिरवला. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांत 'बेल्जियन विट' मागवणाऱ्यांच्या पेल्यात सेलिस यांनीच पुनरुज्जीवित केलेली शैली असते. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या बिरा ९१ या भारतीय नावाची सुरुवातीची बिअर तर बेल्जियममध्येच बनवून आणली जात होती. शैली अशी जगभर फिरते, तिला मालक नसतो. नावाला मात्र पत्ता लागतो.

पाण्यावरूनही असाच झगडा झाला. रोशफोरच्या मठाला ज्या झऱ्याचे पाणी मिळते, त्याला धोका पोहोचेल अशा रीतीने शेजारची चुनखडीची खाण खोल नेण्याचा एका कंपनीचा बेत होता. २०२१ मध्ये लीएजच्या अपील न्यायालयाने मठाच्या बाजूने कौल दिला. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्याचाही उल्लेख या मंडळींकडून वारंवार होतो. परंतु झरा वाचवण्यासाठी न्यायालय आहे, सन्मानासाठी युनेस्को आहे. मठातील रिकाम्या खोल्यांसाठी यांपैकी कुणाकडे दाद मागता येत नाही.

दर्दींच्या वर्तुळात यावर दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते पेल्यातील चव हीच अंतिम कसोटी. वातूची जी ब्रुअरी १९९२ पर्यंत परवान्यावर मठाची बिअर बनवत होती, ती आजही 'सिंट बर्नार्डस' या नावाने तिची जवळची नातेवाईक शोभेल अशी बारा नंबर विकते. ती सहज मिळते, रांग नाही, मोटारीचा क्रमांक द्यावा लागत नाही. अनेक अनुभवी रसिक दोन्हींत फारसा फरक मानत नाहीत. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की नफ्यासाठी न चालणारा एखादा कारखाना आजच्या जगात टिकून आहे, ही गोष्टच मोलाची, आणि आपण पैसे मोजतो ते तिच्यासाठी. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. ट्रॅपिस्ट चिन्हाने चवीची हमी कधी दिलीच नव्हती. मिळालेला पैसा कुठे जातो, याची हमी दिली होती. आखेलच्या बाटलीतून २०२३ मध्ये नेमकी तीच वजा झाली. यापुढे एखाद्या मठावर तशी वेळ आली, तर विकणारे आणि विकत घेणारे दोघेही आखेलचा दाखला काढतील.