उचल आणि उत्पन्न
दसरा सरला की बीड जिल्ह्यातली बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची. मजुरी पदरात पडण्याआधीच खर्चून झालेली. कमाई दिसते, पण डोक्यावर कर्ज असतं; उत्पन्न आणि संपत्ती वेगवेगळी मोजायची ती याचसाठी.

अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यरेषेचा हिशेब मांडला, तो माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील एवढ्या खर्चाचा. काम मोठंच. पण पोटापुरतं मिळतं का, एवढंच त्या रेषेला कळतं. जमीन कुणाच्या नावावर, डोक्यावर कर्ज किती, ते तिच्या हिशेबाबाहेर. आपली चर्चा मात्र अजून रेषेखालची डोकी मोजण्यातच अडकलेली (आणि ती घटली की टाळ्या!). या अंकात आम्ही सातबारा आणि मुकादमाची वही शेजारी ठेवून वाचल्या आहेत.