सर्व्हर उठतो, हुकलेल्या मुदतीचं काय?

नागपूर : "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." मोमिनपुऱ्यापासून ताजबागपर्यंत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. पण त्या उद्यापर्यंत मुदत संपली तर?

वक्फ मालमत्तांच्या नोंदणीसाठीचं 'उमीद' पोर्टल 6 जून 2025 ला सुरू झालं आणि 6 डिसेंबरला बंद झालं. सरकारी आकड्यानुसार 5 लाख 17 हजार मालमत्तांची नोंद सुरू झाली, मंजूर झाल्या 2 लाख 16 हजारांवर. शेवटच्या दिवसांत पोर्टल अडकत असल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. 1 डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि ट्रिब्युनलकडे जा, असं सांगितलं.

आता तांत्रिक बाजू. एक मशीन पडली की दुसरीने काम उचलायचं, ऑपरेटिंग सिस्टम अडकली की तिने स्वतःच रीस्टार्ट व्हायचं, ही सोय जुनी आहे. ती वेळेवर चालतेच असं नाही, एवढंच. 24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी 11.40 ला व्यवहार थांबले, ते दुपारी 3.45 ला सुरू झाले. चेन्नईत पर्यायी यंत्रणा तयार होती, पण काम तिकडे वळवलंच नाही! त्यानंतर सेबीने नियम कडक केला : बिघाड झाल्यावर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा आणि पुढच्या 45 मिनिटांत काम सुरू करा.

19 जुलै 2024 चा शुक्रवारही आठवत असेल. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले. कंपनीने ते अपडेट 78 मिनिटांत मागे घेतलं, पण तोवर पडलेली मशीन रीस्टार्ट होऊन पुन्हा तिथेच अडकत होती. मग काय, माणसं एकेका मशीनसमोर बसून फाइल काढत राहिली. यातूनच मायक्रोसॉफ्टने सुरूच न होणाऱ्या मशीनला इंटरनेटवरून दुरुस्ती पोचवणारी 'क्विक मशीन रिकव्हरी' आणली.

म्हणजे मशीनसाठी उपाय निघतोय. नागरिकाच्या वाया गेलेल्या वेळेसाठी मात्र असं काही आपोआप होत नाही. आयकर विवरणपत्रांची मुदत 15 सप्टेंबर 2025 च्या रात्री एक दिवसाने वाढवली होती, म्हणजे इच्छा असली की होतं. पोर्टल जितके तास बंद तितके तास मुदत पुढे, हे नियमातच लिहायला काय हरकत आहे? बंद पडल्याची नोंद सर्व्हरकडे असतेच, ती लोकांना दाखवावी.

तोपर्यंत मुतवल्लींनी आणि अर्ज भरणाऱ्या पोरांनी एक करावं : स्क्रीन अडकली की तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवावा. ट्रिब्युनलसमोर उभं राहायची वेळ आली तर तो कामी येऊ शकतो.