नमुना घ्या, पण निर्दोष सुटल्यावर पुसाही

गंभीर गुन्ह्यात अटक झालेल्याचे रक्त वा लाळ घेऊन डीएनए तपासण्यास आमचा विरोध नाही. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये दोन मुलींच्या खुनांच्या तपासात हे तंत्र वापरले गेले, तेव्हा एका खुनाची कबुली दिलेला तरुण त्यामुळेच निर्दोष ठरला. खरा खुनी नंतर सापडला. प्रश्न पुढचा आहे. घेतलेल्या नमुन्याचे काय करायचे?

१९२० चा जुना कायदा जाऊन ४ ऑगस्ट २०२२ पासून फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा लागू झाला. गुन्हा महिला वा बालकांविरुद्धचा असेल, किंवा शिक्षा सात वर्षे वा अधिक असेल, तर अटक झालेल्याला नमुना नाकारता येत नाही. नोंद ७५ वर्षे राहते. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर न्यायालयाचा वेगळा लेखी आदेश नसल्यास ती नष्ट करावी, असे कायदा म्हणतो. पण त्याच वर्षीच्या नियमांनुसार त्यासाठी नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करावी लागते. म्हणजे कोर्टाने सोडले तरी हेलपाटे सुटलेल्यानेच मारायचे!

बँकेत ग्राहकाने खाते बंद केले की त्याची ओळखीची कागदपत्रे पाच वर्षे जपतात. सही बदलली तर नवे नमुना कार्ड भरता येते. रक्त बदलता येत नाही, आणि ते एकट्याचे नसते. एकाच्या नमुन्यावरून भावाचा, मुलाचा, चुलत्याचाही माग काढता येतो. पेडणे-डिचोलीत एका वांगडाची घरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाड्यावर आहेत. तिथे एकाची नोंद ही साऱ्या घराण्याची नोंद ठरते.

आपल्यावर कशाला अशी वेळ येईल, असे कुणी म्हणू नये. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या सत्तरीत, शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून संघर्ष झाला आणि साध्या गावकऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. पुढे सरकारनेच तिथला प्रकल्प रद्द केला. अटक म्हणजे अपराध नव्हे.

या कायद्याखाली राज्य सरकारलाही नियम करता येतात. साखळीचे आमदार डॉ. प्रमोद सावंत हेच मुख्यमंत्री आहेत. आमची मागणी एवढीच: निर्दोष सुटका कायम झाली की नोंद पुसण्याची कारवाई पोलिसांनीच सुरू करावी आणि ती पुसल्याचे पत्र त्या माणसाला घरपोच द्यावे. समाजबांधवांनी हे निवेदन घेऊन त्यांच्याकडे जावे. आपल्या दारी कुणी येण्याची वाट पाहू नये.