पहिली भाषा कोणती?

आमच्या घरीं तीन पिढ्यांनीं जमविलेल्या पुस्तकांचें एक मोठें कपाट आहे. आप्तेष्ट व शेजारी पुस्तकें नेतात. तीं परत येतातच असें नाहीं. तेव्हां कोणतें पुस्तक कोणाकडे आहे हें सांगणारी एक आज्ञावली आपणच संगणकावर रचावी, असें माझ्या पुतण्याच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलीनें मनांत घेतलें. हेतु उत्तम, परंतु आधीं कोणती भाषा शिकावी असें तिनें विचारतांच घरांतील जाणत्यांत मतभेद झाला. एक काका म्हणाले, "सी शिक, पाया पक्का होईल." दुसरे म्हणाले, "जावा शिक, नोकरी मिळेल." चार महिन्यांत तिनें तीन भाषांचे आरंभीचे धडे गिरविले, पण पुस्तकांच्या यादीची एक ओळहि तिच्या हातून झाली नाहीं. शेवटीं ती मला म्हणाली, "आजोबा, ही विद्या माझ्यासाठीं नाहींच."

हे शब्द ऐकून मी चपापलों. कारण पूर्वीं माझ्या वर्गांतील एका बुद्धिमान विद्यार्थ्यानें संस्कृताविषयीं हेच उद्गार काढले होते. मीं त्याजकडून सहा महिने केवळ रूपें घोकून घेतलीं. एकहि गोष्ट वाचूं दिली नाहीं. पाया भरतां भरतां घर बांधण्याची त्याची हौसच मावळली.

वास्तविक आपल्या पूर्वसूरींस हें उमजलें होतें. पाणिनीचीं सूत्रें सुमारें ४०००. भट्टोजी दीक्षितांनीं त्यांची विषयवार मांडणी करून सिद्धान्तकौमुदी रचिली. तीहि नवशिक्यास जड, म्हणून त्यांचे शिष्य वरदराज यांनीं तिचा संक्षेप करून लघुकौमुदी सिद्ध केली.

संगणकाच्या जगांतहि असे वरदराज झाले आहेत. १९६४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ यांनीं, विज्ञानशाखेबाहेरील विद्यार्थ्यांसहि संगणक वापरतां यावा म्हणून, बेसिक ही भाषा निर्माण केली. पुढें अ‍ॅमस्टरडॅम येथील एका संशोधनसंस्थेंत नवशिक्यांसाठीं एबीसी नांवाची भाषा झाली. तिच्यावर काम केलेल्या गुइडो व्हान रॉसम यांनीं त्या अनुभवांतून पायथन रचून १९९१ सालीं प्रसिद्ध केली. सी भाषेंत यंत्राच्या स्मृतींतील जागेचा हिशेब पुष्कळदां रचणाऱ्यासच ठेवावा लागतो. पायथन तो स्वतः ठेवते. सीमुळें यंत्राचें अंतरंग कळतें हें खरें, पण पुस्तकांची यादी करण्यास तें आधींच कळावयास हवें असें नाहीं.

म्हणून मीं मुलीस उलट विचारलें, "तुला करावयाचें काय आहे?" भाषा कार्यावरून ठरवावी. यादी, हिशेब, फाइलींची व्यवस्था असलीं कामें असतील तर पायथन बरी. ब्राउझरमध्यें उघडणारें, बोट लावतांच हालणारें पान हवें असेल तर जावास्क्रिप्ट घ्यावी. ब्राउझर मुळांतच ती भाषा जाणतो. पायथनचा एक दोषहि सांगितला पाहिजे: तींत केलेलें काम दुसऱ्याच्या संगणकावर किंवा मोबाइलवर पोंचविणें कटकटीचें असतें. आमचें कपाट मात्र एकाच घरांत आहे.

मग आम्ही दोघें रोज संध्याकाळीं बसूं लागलों. प्रथम चार पुस्तकांचीं नांवें पडद्यावर उमटलीं. नंतर 'जर अमुक, तर तमुक' ही अट आली. पुढें एकामागून एक नोंद तपासणारें आवर्तन. आणि शेवटीं, यंत्र बंद केलें तरी नोंदी टिकाव्यात म्हणून त्या फाइलींत लिहिणें. एवढ्या चार गोष्टी ज्यास आल्या, त्यास दुसरी भाषा फारशी परकी वाटत नाहीं.

तीन आठवड्यांनीं यादी पुरी झाली. सात पुस्तकें घराबाहेर असल्याचें कळलें, आणि दोन माझ्याच नांवावर निघालीं! मुलीनें तीं माझ्या उशाखालून काढून नेलीं.

वाचकांतील वडीलधाऱ्यांस माझी एवढीच विनंती आहे. मुलांनीं विचारलें असतां भाषेचें नांव सांगण्यापूर्वीं त्यांचें काम कोणतें तें विचारावें. आणि तें लहानसें काम तडीस जाईपर्यंत दुसऱ्या भाषेचें नांव काढूं नये. माझ्या त्या विद्यार्थ्यास हें सांगण्याची वेळ मात्र केव्हांच निघून गेली.