गाडी कोणाच्या नावावर?

आमच्या गटातली एक जण जुनी निन्जा ६५० घ्यायची म्हणतेय. गाडी बघायला आम्ही दोघी गेलो, तर विकणाऱ्याचा पहिला प्रश्न, ‘‘घरचं कोणी आलं नाही?’’ स्कूटर बाईची, मोटारसायकल पुरुषाची, ही वाटणी अजून पक्की आहे. एकीवरून भाजी आणायची, मुलांना शाळेत सोडायचं. दुसरीवरून मनाला येईल तिथं जायचं.

म्हणून हट्टानं घ्यायचीच का? नाही. ६४९ सीसीची, जवळजवळ दोनशे किलोची गाडी गर्दीत, सिग्नलला पेलावी लागते. पाय नीट टेकतात का, एकटीला ती मागे ढकलता येते का, हे बसून बघूनच ठरवावं. बाईला झेपणार नाही, हे दुसऱ्यानं ठरवू नये. आणि झेपतं हे दाखवण्यापुरती आपणही घेऊ नये.

बाकीचं कामही आपणच शिकावं. चासिस नंबर आरसी बुकाशी जुळवावा. टायरवरचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा नि वर्ष सांगतात. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. गाडी त्याआधीची असेल तर ते आहे का, पाहावं. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा दाखला नि फॉर्म ३५ मागावा.

आणि फॉर्म २९, ३० वर नाव स्वतःचंच घालावं. पैसे तिचे, कागद भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर, हे आपण घर-शेताच्या बाबतीत पुष्कळ पाहिलंय. स्वतःच्या गाडीची किल्ली तरी कोणाकडे मागायची वेळ येऊ नये.